पहिली सुरी आणि तिचे पाणी



या सदरात आम्ही घरातल्या आणि कारखान्यातल्या हातकामाविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय एका भगिनीच्या पत्राने दिला आहे. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला शिकतो. टेम्पोच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा त्याने रस्त्याकडेच्या घिसाड्याकडून ठोकून पातळ करून घेतला आणि दोन महिने कानस चालवून आईसाठी सुरी घडवली. मग भर दुपारी अंगणात कोळशावर ती पिवळीधमक होईपर्यंत तापवली, बादलीतल्या गार पाण्यात बुडवली, धार लावली आणि आईच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी लाल भोपळा चिरताना पाते मधोमध मोडले. उडालेला तुकडा गालाला चाटून गेला. डोळा थोडक्यात वाचला.

ताई लिहितात, "सुरी मोडल्याचे दुःख नाही. पण घरातली वडीलधारी माणसे म्हणाली, हे लोहाराचे काम आहे, पाणी देणे आपल्या हाताला जमायचे नाही. तेव्हापासून पोरगा कानशीला हात लावत नाही."

बंधू-भगिनींनो, ती सुरी जातीमुळे मोडली नाही. ती तीन कारणांनी मोडली आणि तिन्ही कारणे मोजता येण्यासारखी आहेत. पोलाद गरजेपेक्षा फार तापले, तेलाऐवजी गार पाण्यात गेले, आणि बुडवल्यानंतर त्याला जी दुसरी ऊब द्यायची असते ती दिलीच नाही. यातली एक चूकही पुरेशी होती. तिन्ही एकत्र आल्यावर भोपळा काय आणि वांगे काय!

पाणी म्हणजे काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. गेटच्या साध्या पट्टीत हा कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. म्हणून ती कितीही तापवून बुडवली तरी सुरीइतकी कठीण होत नाही. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो आणि चांगल्या कानशीत एक टक्क्याच्याही वर. शंभर किलोत अर्धा-पाऊण किलो, पण सगळी करामत त्याचीच.

पोलाद ठरावीक उष्णतेच्या वर गेले की त्याची आतली रचना बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो, गरम दुधात साखर विरघळावी तसा. सावकाश थंड केले तर तो पुन्हा वेगळा होऊन बसतो आणि पोलाद मऊच राहते. एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आत अडकतो आणि सगळी रचना ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला अ‍ॅडॉल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेनसाइट म्हणतात. तेच आपले 'पाणी'.

पण हे नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे असते. कठीणही आणि ठिसूळही. म्हणून त्याला पुन्हा मोजकी ऊब द्यायची. थोडी कठिणता जाते, ताण सैल होतो आणि चिवटपणा येतो. पहिल्या कामाला कारखान्यात हार्डनिंग म्हणतात, दुसऱ्याला टेंपरिंग. दोन्ही मिळून पाणी पूर्ण होते. एकावर थांबला तो फसला.

भट्टीपूर्वीची तयारी

भंगारातला पाटा वर्षानुवर्षे खड्डे खाऊन आलेला असतो. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. त्यापेक्षा पाटे बसवणाऱ्याच्या दुकानात नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मागावा. पोलाद कसले आहे याची शंका असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

कानस लागत नसेल तर तुकडा लाल करून कोरड्या राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावा. मग तो मऊ होतो. मुठीच्या खिळ्यांची भोके पाणी देण्याआधीच पाडावीत, नंतर ड्रिल चालत नाही. धारेची बाजू अगदी पातळ करू नये. एक ते दीड मिलिमीटर जाडी ठेवावी, नाहीतर ती जळते किंवा वाकते. कानशीचे खोल ओरखडे पॉलिश पेपरने घासून काढावेत आणि मूठ व पाते जिथे मिळतात तो कोपरा काटकोनी न ठेवता गोल करावा. भेग सुरू होते ती अशा ओरखड्यातून आणि कोपऱ्यातून.

आणखी एक काम आहे, ते बहुतेक नवशिके टाळतात. पाते लाल करून बाहेर काढावे आणि वाऱ्याच्या झोताशिवाय मोकळ्या हवेत काळे होईपर्यंत निवू द्यावे. असे तीन वेळा करावे. ठोकताना आणि घासताना साठलेला ताण यामुळे निघतो आणि पोलादाचे कण बारीक होतात.

लाल रंग आणि लोहचुंबक

किती तापवायचे? इथेच सगळे घोडे अडते. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो, म्हणून माणूस आणखी तापवतो आणि पोलाद बिघडते. काम सावलीत करावे, संध्याकाळी केले तर उत्तम. जवळ लोहचुंबक ठेवावा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. ही निसर्गाने दिलेली खूण आहे, ती कोणाच्या जातीची नाही. पाते मधून मधून बाहेर काढून चुंबक लावून पाहावा. तो चिकटेनासा झाला की आणखी थोडे तापवावे. कमानपाट्याचे पोलाद साधारण ८३० ते ८६० अंशांपर्यंत न्यायचे असते. डोळ्याला हा रंग चुंबक सुटतानाच्या लालापेक्षा एक पायरी उजळ दिसतो. नारिंगी-पिवळा दिसू लागला म्हणजे हद्द ओलांडली.

पाते सगळीकडे सारखे लाल हवे. टोक पातळ असते म्हणून ते आधी तापते. पाते पुढे-मागे सरकवत राहावे. दगडी कोळशापेक्षा लोणारी कोळसा स्वच्छ जळतो. फुंकणीपेक्षा लहान ब्लोअर बरा, पण झोत मंद ठेवावा.

सुरीला हात घालण्याआधी त्याच पाट्याच्या तीन लहान पट्ट्या कापून त्यांच्यावर प्रयोग करावा, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. एक पट्टी पाणी देऊन, टेंपरिंग न करता, शिकंजात कापड गुंडाळून मोडावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. मोडलेली जागा बारीक, करडी, मखमलीसारखी दिसली तर उष्णता बरोबर होती. साखरेच्या दाण्यांसारखी चमकली तर फार तापले. मोडलेल्या सुरीचे तुकडे घरात असतील तर तेही असेच निरखावेत. मोडलेले पोलाद आपला दोष स्वतःच सांगते.

तेलात बुडवणे

आपण 'पाणी देणे' म्हणतो, पण कमानपाट्याला पाणी देऊ नये, तेल द्यावे. पाणी फार वेगाने थंड करते आणि या पोलादाला तडा जातो. चार-पाच लिटर खाण्याचे तेल पुरते. जुने इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. कोमट तेल पातळ होते आणि गार तेलापेक्षा सारखे थंड करते. भांडे लोखंडी, उभट आणि खोल हवे. प्लास्टिकची बादली कदापि नको.

पाते भट्टीतून काढले की एक क्षणही न दवडता टोकाकडून सरळ खाली बुडवावे आणि धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवावे. आडवे हलवले तर वाकते. 'टिंग' असा आवाज आला तर समजावे की तडा गेला. निवल्यावर कानस फिरवून पाहावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसले. वरचा पापुद्रा मऊ असू शकतो, म्हणून एकाच जागी दोन-चार हात मारून मगच ठरवावे.

आता सावधगिरी. तेल पेट घेऊ शकते. शेजारी पत्र्याचे झाकण आणि वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर भडका उडतो. काम उघड्यावर करावे. बंद खोलीत जळत्या कोळशाचा वायू माणसाला गुंगवून मारतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप भट्टीत घालू नये. सुती कपडे घालावेत, नायलॉन नको. पायांत चपला नको, बूट हवेत. गॅसचा सिलिंडर आणि लहान मुले दूर असावीत.

दुसरी ऊब

तेलातून निघालेले पाते हातातून फरशीवर पडले तरी फुटू शकते. ते रात्रभर तसेच ठेवू नये. साबणाने तेल धुवावे, एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि लगेच टेंपरिंगला घ्यावे.

घरात किंवा ओळखीत विजेचा ओव्हन असेल तर थाळीत वाळू भरून त्यात पाते ठेवावे. २०० ते २१० अंशांवर दोन तास ठेवून निवू द्यावे आणि पुन्हा दोन तास तापवावे. ओव्हनच्या बटणावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी ठोकळा लाल करून घ्यावा आणि त्यावर पात्याची पाठ टेकवावी. चकचकीत बाजूवर पाठीकडून धारेकडे रंग चालत येतात. आधी फिका पिवळा, मग गवती सोनेरी, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. भाजीच्या सुरीच्या धारेवर गवती सोनेरी रंग पोचला की पाते उचलून पाण्यात बुडवावे. इथे पाणी चालते, कारण उष्णता कमी असते. कोयत्याला हाडा-लाकडाचा मार सोसायचा असतो, म्हणून त्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे. पाठ धारेपेक्षा जास्त निळी झाली तर ते चांगलेच, पाठ चिवट हवी.

यानंतर धार लावताना एक पथ्य पाळावे. ग्राइंडरवर धरलेले पाते बोटाला चटका बसण्याआधी पाण्यात बुडवत राहावे. धारेवर निळा डाग पडला तर तेवढ्या जागेचे पाणी उतरले. मग ती जागा रोज बोथट होते आणि बाई बिचारी पोलादाला दोष देते.

कारखान्यात द्यायचे असेल तर

घरी सोय नसेल तर भट्टीचे काम बाहेर द्यावे. त्यात कमीपणा नाही. भोसरी, सातपूर, वाळूज, वागळे इस्टेट अशा औद्योगिक वसाहतींत आपले कितीतरी बांधव कामाला आहेत. तिथे हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे चौकशी करावी. दर किलोवर असतो, पण बहुधा कमीत कमी रक्कम ठरलेली असते. म्हणून दहा-बारा मुलांनी मिळून पाती एकत्र द्यावीत.

'कडक करून द्या' एवढे सांगून येऊ नये. चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. पोलाद कोणते आहे, जाडी किती आहे, हार्डनिंगबरोबर टेंपरिंगही हवे आहे, आणि कठिणता किती हवी आहे. कठिणता रॉकवेल सी या मापात सांगतात. भाजीच्या सुरीला ५६ ते ५८ आणि कोयत्याला ५० ते ५४ ठीक. त्याच पोलादाची एक पट्टी सोबत द्यावी, म्हणजे मापाची खूण सुरीवर पडत नाही. टांगायला मुठीकडे भोक ठेवावे. 'केस हार्डनिंग' मात्र घेऊ नये. त्यात फक्त वरची साल कठीण होते आणि दोन-चारदा धार लावली की संपते. स्टेनलेसचे पाते असेल तर घरच्या भट्टीचा नादच सोडावा. त्याला हजार अंशांच्या वर नेमकी उष्णता लागते.

फिटरच्या अभ्यासक्रमात हार्डनिंग-टेंपरिंगचा धडा असतोच. वर्कशॉपच्या सरांना मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात लाज कसली?

हे काम कोणाचे?

आता त्या वडीलधाऱ्यांच्या वाक्याकडे येऊ. त्यांचा राग आम्ही करीत नाही. गावगाड्यात लोहाराचा भाता लोहाराच्या घरात आणि सुताराची करवत सुताराच्या घरात राहिली. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला वेठबिगार आली. ज्याने भाता कधी हातात धरला नाही, त्याला ते काम रक्तातले वाटले तर नवल नाही. पण नवल नाही म्हणून ते खरे ठरत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्यांना जागा नव्हती. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागतो, एवढेच कारण! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. धागा जोडण्याचे कसब आपल्या माणसांत नव्हते असे नाही. दार बंद होते.

आज ते दार आयटीआयच्या रूपाने उघडे आहे, आणि आपल्याच घरात कोणी ते आतून लावून घेत असेल तर त्याला प्रेमाने थांबवले पाहिजे. घिसाडी समाजाच्या भगिनी रस्त्याकडेला घण मारतात. त्यांच्याकडून जे शिकता येईल ते आदराने शिकावे. कारण त्यांच्या हातात पिढ्यांचा अनुभव आहे. पण अनुभव वेगळा आणि जन्मसिद्ध हक्क वेगळा.

पोलादाच्या पाण्याभोवती जगभर भाकडकथा रचल्या गेल्या. युरोपात बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या एका साधूने लिहून ठेवले आहे की हत्यार बोकडाच्या किंवा तांबड्या केसांच्या लहान मुलाच्या मूत्रात बुडवावे! त्यात जादू नव्हती. खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर थंड करते, एवढेच. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. चुंबक, कानस आणि मोडलेली पट्टी ही पारखण्याचीच साधने आहेत.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी सोनाराचा दृष्टान्त दिला आहे. सोनार सोने वेळोवेळी तापवतो, वेळोवेळी त्यावर पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी थांबून निरखतो. नुसतेच तापवले तर सोने जळेल, नुसतेच शिंपडले तर गार पडेल, नुसतेच पाहत बसला तर ते तयार होणार नाही. उपदेश मनाच्या साधनेचा आहे, पण भट्टीपुढे बसलेल्या मुलालाही तो लागू पडतो. आणि हेही विसरू नये की भगवंतांनी शेवटचे भोजन पावा नगरीत चुंद नावाच्या धातुकाम करणाऱ्याच्या घरी घेतले.

कोणी विचारील, पंचशील पाळणाऱ्या घरात सुरी घडवणे योग्य आहे का? शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असे भगवंतांनी सांगितले आहे. भाजीची सुरी, विळा, खुरपे ही शस्त्रे नव्हेत, ती पोटापाण्याची अवजारे आहेत. मात्र पोरांनी पाते स्वयंपाकघराच्या मापाचेच करावे. नऊ इंचांपेक्षा लांब पाते घरगुती किंवा शेतीकामाचे नसेल तर शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आणि लहान सुरीसुद्धा खिशात घालून मिरवू नये. त्यात शौर्य नाही, पोलीस ठाण्याची वारी मात्र आहे.

ज्या समाजाला घोटभर पाण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाच्या मुलामुलींनी पोलादाला पाणी देण्याची विद्या हस्तगत करावी, यात आम्हांला मोठे औचित्य वाटते. आई-वडिलांनी एवढेच करावे. पहिले पाते मोडले तर पोराला बोल लावू नये. त्याच्या हाती तुकडा द्यावा आणि विचारावे, आत दाणे कसे दिसतात ते सांग पाहू.

पुढील लेखात मुठीचे लाकूड कोणते घ्यावे आणि ती पक्की कशी बसवावी याविषयी लिहू. तोवर तीन पट्ट्या कापून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!